माया किती सोडली आहे: पाच वर्षांनंतर एका कॉन्व्हेंटबद्दल

आधी एक घोळ मिटवते. आमच्या विदर्भात कोणत्याही खाजगी इंग्रजी बालवाडीला कॉन्व्हेंट म्हणतात. आमच्या गावात पत्र्याच्या दोन खोल्यांत एक कॉन्व्हेंट होती, तिच्या दारावर गणपती होता आणि मॅडम शेजारच्याच वाड्यातली सून होती. मी लिहिते आहे ती मात्र खरीखुरी कॉन्व्हेंट, सिस्टर लोकांची. वर्धा जिल्हा, तालुक्याचं गाव, बसस्टँडपासून दोन किलोमीटरवर निंबाच्या झाडांमागे. शाळेचं नाव देत नाही. खाली तक्रारी आहेत आणि धाकट्याचा प्रवेश अजून व्हायचा आहे.

मी बी. ए. मराठी. लग्नानंतर शिवणकाम शिकले. पुढच्या खोलीत दोन मशिनी आहेत. ब्लाऊज, पिको-फॉल, आणि जूनमध्ये शाळेचे कपडे. घरी साडेचार एकर, कापूस आणि तूर. मोठी लेक पहिलीपासून या शाळेत, आता सहावीत आहे. कोणताही कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते, कारण वरून इस्त्री काय, कोणीही मारतं. शिवण सरळ आहे का, तुरपाई हाताची आहे का, आणि आत माया, म्हणजे शिवणीबाहेर वाढवायला राखलेलं जास्तीचं कापड, किती सोडली आहे, हे उलट्या बाजूला कळतं. शाळेबद्दल लिहितानाही माझा हात तिकडेच जातो.

सुलट बाजू आधी. फाटकाच्या आत निळ्या पाटीवर प्रेम, सत्य, सेवा असे तीन शब्द, मराठीत आणि इंग्रजीत. शाळेच्या डायरीच्या दुसऱ्या पानावर शाळेची ध्येयं, तीही इंग्रजीत. ती मला लेकीनं तिसरीत असताना वाचून दाखवली. बोट ठेवून एकेक ओळ. प्रत्येक मूल देवाच्या प्रतिमेसारखं घडवलेलं आहे, म्हणून प्रत्येकाला मान. अभ्यासासोबत मन घडवणं. सर्व धर्मांचा आदर. आणि एक ओळ अशी, की तिथे ती अडखळली. ‘प्रिफरन्स टू द पुअर.’ तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “म्हंजे गरिबांना आधी, आई.” ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रवेशाच्या वेळची गोष्ट. आम्ही आधी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरिबांसाठी राखीव पंचवीस टक्क्यांतून फॉर्म भरायला गेलो होतो. उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला, सगळी कागदं प्लास्टिकच्या पिशवीत. सायबर कॅफेवाल्यानं यादी उघडली तर ही शाळा यादीतच नाही. माझा भाऊ एमपीएससी करतो, त्यानं समजावलं. संविधानाच्या कलम ३० मुळे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवायचा हक्क आहे, आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याकांच्या शाळांना आरटीई कायदा लागूच होत नाही असं ठरवलं. म्हणजे तिथे राखीव जागा नाही, लॉटरी नाही, पूर्ण फी. मला कोर्टावर बोलायचं नाही. पण गरिबांना आधी म्हणणाऱ्या शाळेत गरिबाच्या पोरीला कायद्यानं दार नाही, हे तेव्हा जरा टोचलं होतं.

मग फी भरूनच घातली. पहिल्या वर्षी बस धरून चौदा हजार, आता चोवीस. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल होता. त्या भावानं धरलं तर एका लेकीचं एक वर्ष म्हणजे सव्वातीन क्विंटलाच्या जवळपास कापूस. वेचाईची मजुरी वेगळी. शेतकऱ्याला फीचा आकडा असाच समजतो.

मुलाखतीला आम्ही दोघंही गेलो होतो. नवऱ्यानं लग्नातला शर्ट घातला होता. प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. आमच्या भागात सिस्टर केरळच्याच का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. त्याचं उत्तर असं की वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला. चांदा धर्मप्रांत म्हणतात तो हाच. सिस्टरांचं मराठी तोडकं पण बिनधास्त. “तुमी शेती करते? घरी आजी हाये?” एवढंच विचारलं. शिक्षण किती, इंग्रजी येतं का, हे काहीच नाही. आजी आहे म्हटल्यावर म्हणाल्या, “मग चांगला. आजी गोष्ट सांगते.” बाकी इंग्रजी शाळांत आई-बापाची तोंडी परीक्षा होते असं ऐकून मी रात्रभर ‘माय नेम इज’ घोकत होते. ते वाया गेलं.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लग्नात, बसमध्ये, ब्लाऊजचं माप देताना, बाया हळूच विचारतात, “का वो, तिकडे धरम बदलवतात म्हणे?” पाच वर्षांत आम्हाला कोणी एका शब्दानं तसं म्हटलेलं नाही. ख्रिस्ती पोरांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा, त्या वेळी बाकीची पोरं दुसऱ्या वर्गात नीतिशिक्षणाला. त्यासाठी पहिल्या वर्षी एक फॉर्म आला होता, त्यावर पालकांची सही. भावाच्या म्हणण्यानुसार कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमात हे आहेच: मान्यताप्राप्त शाळेत मुलाला धार्मिक शिक्षण द्यायचं किंवा उपासनेला बसवायचं तर पालकांची संमती लागते. फॉर्म इंग्रजीत होता आणि कोणी समजावून सांगितला नाही. मी शेजारच्या ग्रामसेवकाकडून वाचून घेतला. आणि सकाळच्या परिपाठातली प्रार्थना तर सगळ्यांनाच आहे, तिच्यासाठी फॉर्मवर रकानाच नव्हता. पुढे पालकसभेत मी हे विचारलं. सिस्टर म्हणाल्या, ज्याला म्हणायची नाही त्यानं शांत उभं राहावं. उत्तर ठीक आहे. पण सहा वर्षांचं पोरगं साठ जणांत एकटं गप्प उभं राहील का, हे त्यांनाही माहीत असणार.

घरी या प्रार्थनेवरून गंमत झाली. लेक जेवायला बसली की हात जोडून पुटपुटायची. सासूबाई माळकरी. एक दिवस त्यांनी तिला सगळी प्रार्थना मराठीत म्हणायला लावली. “आमची रोजची भाकर आज आम्हाला दे” इथपर्यंत आली तसं सासूबाईंनी ज्वारीची भाकर मोडता मोडता थांबून ऐकलं. मी म्हटलं आता काय बोलतात. म्हणाल्या, “भाकरच मांगून राह्यले न देवाले? मांगू दे मंग.” विषय संपला. त्या स्वतः दरवर्षी समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला फरीदबाबाच्या टेकडीवर जातात, नवसाचा नारळ फोडतात आणि एकादशीही सोडत नाहीत. त्यांना या गोष्टींचं ओझं होत नाही. आमच्या पिढीलाच जास्त होतं, मोबाईल पाहून.

‘सत्य’ या शब्दाचं एक उदाहरण देते, कारण ते घरात फार गाजलं. चौथीत गणिताच्या पेपरात बाईंची बेरीज चुकली आणि लेकीला पन्नासपैकी ३८ मिळाले. घरी येऊन तिनं पुन्हा मोजले तर ३५ भरले. दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन सांगून आली. बाईंनी लाल शाईनं ३८ खोडून ३५ केलं, खाली बारीक सही केली आणि म्हणाल्या, “थँक यू.” बस. स्टार नाही, टाळ्या नाहीत, परिपाठात कौतुक नाही. ती घरी आल्यावर रडली, तिला वाटलं होतं खरं बोलल्याबद्दल तीन मार्क ठेवतील. तिचा बाप तर संतापलाच. “काहून सांगतलं तुनं? कोण मोजाले येत होतं?” मी दोन दिवस कोणाची बाजू घ्यावी या विचारात होते. मग मला त्या बाईच बरोबर वाटल्या. बक्षीस दिलं असतं तर पुढच्या वेळी पोरगी बक्षिसासाठी खरं बोलली असती. तो पेपर मी मशीनच्या खणात जपून ठेवला आहे.

सेवा म्हणजे काय करतात? शुक्रवारी शेवटच्या तासाला पोरं आपला वर्ग आपण झाडतात. सफाईला दोन मावशी आहेत, पण वर्ग पोरांचा. फाटकात शिरताना मावशीला नाव घेऊन नमस्ते म्हणायचं, ‘ए मावशी’ नाही. यावरून एका पालकानं सभेत आवाज चढवला होता, आम्ही काय झाडू मारायला फी देतो का म्हणून. मला तेव्हा हसू आलं. आमच्यापासून सेवाग्राम किती लांब आहे? १९३७ मध्ये याच वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि नई तालीम मांडली: हातानं काम करत शिकायचं. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा आजही त्या वाटेनं चालते. झाडू मारणं हे ख्रिस्ती लोकांनी आणलेलं खूळ आहे असं वर्ध्याच्या माणसानं म्हणावं, म्हणजे कमालच. सहलही वॉटरपार्कला नेत नाहीत. पाचवीची सहल वरोऱ्याला आनंदवनात गेली. लेक परत आली ती तिथल्या लोकांनी विणलेलं फडकं घेऊन. बोटं नसलेला एक आजोबा माग कसा चालवतो हे तिनं चमचा धरून, मूठ वळवून दाखवलं. आता मला सुईत दोरा ओवायला उशीर झाला की म्हणते, “ते आजोबा तुझ्यापेक्षा फास्ट होते.”

इथवर सुलट बाजू. आता कपडा उलटते.

पहिली तक्रार युनिफॉर्मची, आणि यात माझा स्वार्थ आहे, आधीच सांगते. युनिफॉर्म तालुक्याच्या एकाच दुकानातून तयार घ्यायचा. बाहेर शिवलेला चालत नाही. चौकटीचा ट्युनिक, पांढरा शर्ट, टाय, बेल्ट, मोजे, सगळं मिळून एकवीसशे. मी घरी उलटा करून पाहिला. कापड टेरिकॉट, आमच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात अंगाला चिकटणारं. बाजूच्या शिवणीत माया पाव इंच. खालच्या घेराला एक इंच पण नाही. पोरगी वर्षात चार बोटं वाढते, तर तो ट्युनिक उसवून मोठा करताच येत नाही. मुद्दाम तसा शिवलेला, दर वर्षी नवीन घ्यावा म्हणून. शिवणकाम करणारी कोणतीही बाई हे एका नजरेत ओळखेल. मी ऑफिसात सांगितलं की मी कॉटन मिक्समध्ये, दीड इंच माया ठेवून, बाराशेत शिवून देते, नमुना पाहा. क्लार्क म्हणाले, पॉलिसी आहे. उन्हाळ्यात टायची सक्ती का, यालाही पॉलिसी. आमच्या विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या मागून, एवढं सरकारलाही कळतं.

प्रिन्सिपल सिस्टरांकडे तो ट्युनिक घेऊन गेले, उलटा करून टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून शिवण पाहिली. केरळात त्यांची आई शिवायची म्हणे. दुकान बदललं नाही, ते वर संस्थेत ठरतं असं त्या म्हणाल्या. पण पुढच्या महिन्यात त्यांनी मोठ्या पोरींचे जुने युनिफॉर्म गोळा करायला सुरुवात केली आणि ते लहान मापात बसवून द्यायचं काम मला दिलं. गेल्या जूनमध्ये चौदा युनिफॉर्म केले, नगाला साठ रुपये. कोणाला दिले ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माप चिठ्ठीवर यायचं, नाव नाही. एवढं मात्र मनापासून आवडलं.

दुसरी तक्रार मोठी आहे. एका वर्षी कापसाचे पैसे खात्यात यायला फार उशीर झाला. दुसरा हप्ता जानेवारीत भरायचा होता, तो फेब्रुवारी अर्धा गेला तरी राहिला. एक दिवस ऑफिसातून रजिस्टर घेऊन माणूस वर्गात आला, सात नावं वाचली आणि सातही पोरांना उभं केलं. त्यात माझी लेक. पूर्ण तास उभी नव्हती, पाच-सात मिनिटं. पण सगळ्यांसमोर. घरी आली, दप्तर ठेवलं, पाणी प्यायली आणि विचारलं, “आई, डिफॉल्टर म्हंजे काय?”

त्या रात्री मी मशीनवर बसले नाही. डायरीचं ते दुसरं पान काढलं. गरिबांना आधी. नावं आधी वाचली, एवढं खरं.

सकाळी पहिल्या बसनं गेले. क्लार्कशी बोलले नाही, थेट आत. डायरी उघडून ती ओळ दाखवली आणि विचारलं, सिस्टर, हे कोणासाठी लिहिलं आहे? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना वर्गात नावं वाचतात हे माहीत होतं का नव्हतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. माहीत नव्हतं तर तीही चूकच. मग त्यांनी लेकीला वर्गातून बोलावलं, खुर्चीतून उठल्या, तिच्यासमोर वाकून तिच्या उंचीला आल्या आणि तिला सॉरी म्हणाल्या. मला नाही, तिला. बाकीच्या सहा जणांना पण बोलावलं, हे तिनं नंतर सांगितलं.

त्यानंतर वर्गात नावं वाचणं बंद झालं, आता पालकांना फोन येतो. पण उशिराचा दंड दीडशे रुपये मात्र घेतलाच. पावतीवर ‘लेट फाईन’ असं स्वच्छ लिहून. सॉरीची पावती नाही मिळत.

तिसरी गोष्ट मराठीची. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं केलं, तेव्हा विषय आहे, पुस्तक आहे, तास आहे. पण जीव नाही. आमच्या बोलीत ‘ण’ तसाही नसतो, त्यामुळे लेक ‘पानी’, ‘लोनी’ लिहिते. घरात ते शोभतं, वहीत शाळेनं दुरुस्त करायला नको का? वही तपासलेली असते, बरोबरची खूण असते, आणि खाली ‘पानी’ तसंच. मराठीच्या बाई वर्षात दोनदा बदलल्या. हे मिशनच्या शाळेत व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण बी. ए. ला आम्ही काय शिकलो? फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्याला आला आणि १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापून गेला. विल्यम केरीनं १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं. पंडिता रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. रेव्हरंड टिळकांचे अभंग तर चर्चमध्ये टाळ-पेटीवर म्हणतात. ज्यांच्या वाडवडिलांनी मराठी एवढी मनावर घेतली त्यांच्या शाळेत माझी पोरगी ‘दीर्घ’ हा शब्दच ऱ्हस्व लिहिते. हे सभेत बोलले तेव्हा सगळे हसले. सिस्टरांनी वहीत लिहून घेतलं. फरक अजून पडलेला नाही.

बाकी भराभर. वर्गात पोरं साठ, जास्त आहेत. बस वेळेवर, पण खालच्या गावांचा रस्ता पावसाळ्यात बंद झाला की ती नाक्यावरच सोडते, तिथून पोरं चिखलातून चालत. प्यायचं पाणी थंड आणि गाळलेलं. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे, डबा आहे, पाणी आहे. पोरीच्या आईला हे आधी पाहावं लागतं, आणि सगळीकडे मिळत नाही. मारत नाहीत. इंग्रजी चांगलं झालं, गणित ठीक. नाताळाच्या कार्यक्रमाला धनगर झालेल्या पोरांसाठी घोंगड्या आमच्याच घरून गेल्या होत्या. गव्हाणीशेजारी खरं वासरू बांधलं होतं. त्यानं मधेच शेण टाकलं आणि देवदूत झालेली पाचवीतली पोरगी नाक धरून उभी राहिली. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांना बाळ गोठ्यात जन्मलं हे फार पटलं.

कोणी विचारलं की घालू का पोराला तिथे, तर मी फीचा आकडा आधी सांगते, मग त्या पाच मिनिटांची गोष्ट, मग सॉरीची. या क्रमानं. मग त्यांचं त्यांनी ठरवावं.

धाकट्याचा फॉर्म गेल्या आठवड्यात भरला. संमतीचा कागद या वेळी मराठीतही छापला आहे, आणि त्यावर सकाळच्या प्रार्थनेचा वेगळा रकाना आहे. नवऱ्यानं विचारलं, “कशाले टिक करू?” मी म्हटलं, त्याच्या आजीला विचारा. युनिफॉर्म त्याच दुकानातून घ्यावा लागणार. मी दोन नंबर मोठा घेणार आहे आणि आणल्या दिवशीच सगळ्या शिवणी उसवून पुन्हा शिवणार आहे. अजून किती उंच होतो कोण जाणे, बापावर गेला आहे.